पंप घेण्याआधी तीन प्रश्न: कशासाठी, किती दिवस आणि धुणार कोण?

बाळंतपणाची तारीख जवळ आली, की घरातली यादी लांबत जाते: दुपटी, लंगोट, झबली, टोपरं, मच्छरदाणी, आळीव, डिंक. हल्ली यादीच्या शेवटी ‘ब्रेस्ट पंप’ असंही लिहिलेलं असतं, पुढे प्रश्नचिन्ह घालून. गावातल्या मेडिकलवर मिळालाच तर एक-दोन प्रकारचा मिळतो. मोबाईलवर शोधावा तर शेकडो दिसतात आणि प्रत्येकाखाली ‘दवाखान्याच्या दर्जाचा’, ‘अजिबात आवाज नाही’, ‘बारा वेग’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. बहीण एक सुचवते, पुण्याची मैत्रीण दुसराच. शेवटी होतं असं, की एका घरात महागडा पंप दोनदा वापरून कपाटात जातो आणि जिचं लेकरू दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, तिच्या हाताशी मात्र काहीच नसतं.

म्हणून पंप बघण्याआधी तीन गोष्टी घरात बसून ठरवा. दूध काढायचं कशासाठी? किती दिवस काढावं लागणार? आणि पंपाचे भाग रोज धुणार, उकळणार कोण? कंपनी आणि किंमत यांचा विचार त्यानंतर. बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी वीज, बोअरचं पाणी आणि उन्हाळा या तीन गोष्टीही हिशेबात धराव्या लागतात. मोबाईलवरच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख नसतो.

गरज कुणाला नाही?

बाळ पूर्ण दिवसांचं आहे, अंगावर नीट पितंय आणि आई दिवसभर त्याच्याजवळ आहे, अशा घराला पंपाची गरज नाही. जन्मानंतर पहिल्या तासात छातीशी, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, हा नियम पाळायला कुठलंही यंत्र लागत नाही.

कापूस वेचायला जाणाऱ्या बाईलाही पंपाचा फारसा उपयोग नाही. शेतात फ्रिज नसतो, हात-भांडी धुवायला पुरेसं स्वच्छ पाणी नसतं. तिच्यासाठी बांधावरच्या सावलीत झोळी बांधणं किंवा दुपारी कुणीतरी बाळाला घेऊन येणं हीच सोय बरी. छाती तटली तर हाताने थोडं दूध काढून टाकायला ती शिकलेली असावी, एवढं पुरे.

पंप घेण्याचं सगळ्यात नेहमीचं आणि सगळ्यात चुकीचं कारण म्हणजे ‘दूध पुरतंय का ते बघायचंय’. पंपात किती दूध आलं यावरून बाळाला किती मिळतं ते कळत नाही. बाळ ज्या ताकदीने आणि ज्या लयीत ओढतं, ते पंपाला जमत नाही. नुकतंच पाजून झाल्यावर पंप लावला तर वीस-तीस मिलिलिटर येणं अगदी स्वाभाविक आहे, पण तेवढं बघून सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळे ‘दूधच नाही’ असा निकाल देतात आणि डब्याचं दूध सुरू होतं. दूध पुरतंय की नाही हे बाळाकडे बघून ओळखा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी व्हायला हवी. पहिल्या काही दिवसांत उतरलेलं वजन दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाइतकं भरायला हवं. पुढे दर महिन्याला वजन चढतंय का, हे अंगणवाडीच्या काट्यावर कळतं.

सगळं सुरळीत असताना पहिल्या चार-सहा आठवड्यांत उगाच पंप लावू नका. जेवढं दूध निघतं तेवढं शरीर आणखी बनवतं. मग गरजेपेक्षा जास्त दूध येऊन छाती दाटते, ठणकते.

आधी हाताने काढायला शिका

पंप घेणार असाल तरीही हे शिकून ठेवा. दवाखान्यातली परिचारिका किंवा आशाताई प्रत्यक्ष दाखवू शकतात, बाळंतपणाआधीच विचारून घ्या.

हात साबणाने धुवा. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीन मिनिटं छातीवर ठेवा, हलक्या हाताने चोळा. अंगठा वर आणि तर्जनी खाली, अशी बोटं स्तनाग्राच्या मागे दोन-तीन सेंटीमीटरवर ठेवा. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे आणा, मग सैल सोडा. दाबा, सोडा. पहिली एक-दोन मिनिटं काहीच आलं नाही तरी थांबू नका. पान्हा फुटला की आधी थेंब येतात, मग धार लागते. कातडीवरून बोटं घसरवू नका आणि स्तनाग्र पिळू नका, त्याने दूध येत नाही, नुसती आग होते. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली, बोटांची जागा फिरवत, असं वीस ते तीस मिनिटं चालतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत तर हातच पंपापेक्षा सरस. तेव्हाचा चीक दाट असतो आणि थेंबाथेंबाने येतो. पंपात तो भांड्याच्या कडांना चिकटून वाया जातो, हाताने काढला तर थेट चमच्यात पडतो. काही घरांत अजूनही चीक पिळून टाकतात. असं करू नका. बाळाच्या रोगप्रतिकारासाठी तोच सगळ्यात मोलाचा आहे.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर

दिवस भरायच्या आत जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ बदनापुरातून बहुधा वीसेक किलोमीटरवरच्या जालन्याला नाहीतर चाळीसेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला हलवलं जातं. पंपाची खरी गरज असते ती या आईला, आणि नेमकी तिलाच ‘तू आधी आराम कर’ असं सांगतात. आराम हवाच, पण दूध काढणं लांबवू नका. बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, हाताने चीक काढायला सुरुवात करा. त्यानंतर चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यातलं निदान एकदा रात्री. पहिल्या दोन आठवड्यांत हा नेम पाळला गेला, तरच पुढे बाळ घरी आल्यावर दूध टिकलेलं असतं.

इथे तीन प्रश्नांची उत्तरं अशी: कारण अटीतटीचं, मुदत काही आठवडे आणि काढायचं दिवसरात्र. त्यामुळे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणारा विजेचा पंप योग्य. पण लगेच विकत घेऊ नका. आधी दवाखान्यात विचारा: इथे दूध काढायची खोली आहे का, पंप आहे का, माझ्यासाठी वेगळा संच मिळेल का? केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी स्तन्य व्यवस्थापन केंद्रांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत आईचंच दूध काढून तिच्याच बाळाला देण्यासाठीच्या सोयीचाही समावेश आहे. सोय सगळीकडे सारखी नसते, पण विचारल्याशिवाय असलेली सोयही कळत नाही. मोठ्या दवाखान्यांतले पंप अनेक बायकांनी वापरण्यासाठीच बनवलेले असतात. यंत्र एक आणि दूध लागणारे भाग मात्र प्रत्येकीचे वेगळे. असा पंप भाड्याने मिळत असेल तर तो विकत घेण्यापेक्षा फायद्याचा.

आई घरी आणि बाळ जालन्याला, अशी वेळ आली तर दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, वर तारीख आणि वेळ लिहून, बर्फाच्या पिशव्या भरलेल्या आइसबॉक्समधून पाठवता येतं. भांडी कुठली आणि किती दूध हवं, हे तिथल्या परिचारिकेला आधी विचारा. प्रत्येक दवाखान्याची पद्धत वेगळी असते.

कामावर परतायचं असेल तर

दाभाडी किंवा सेलगावच्या शाळेतली शिक्षिका, बँकेतली कॅशियर, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी कामगार, खासगी क्लासवर शिकवणारी मुलगी, या सगळ्या ‘नोकरी करणाऱ्या आया’ असल्या तरी चौघींना एकच पंप चालणार नाही.

आधी रजा बघा. सरकारी नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, कायदा लागू असलेल्या खासगी आस्थापनांत पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. म्हणजे परतताना बाळ सहा महिन्यांचं झालेलं असतं आणि मऊ भात, घट्ट वरण, खिचडी सुरू झालेली असते. शाळा पाच-सहा तासांची असेल तर मधल्या सुट्टीत एकदाच दूध काढावं लागतं. त्यासाठी चांगला हातपंप किंवा नुसता हातही पुरतो. क्लासवरची मुलगी मात्र दोन-अडीच महिन्यांतच परतते. तिचं बाळ फक्त दुधावर असतं, त्यामुळे तिची गरज जास्त. शेंद्र्याला जाऊन-येऊन दहा तास बाहेर राहणारीला दोन-तीनदा काढावं लागेल, आणि तिची सुट्टी वीस मिनिटांची. तिने दुहेरी विजेचा पंप घ्यावा. दोन्ही बाजू एकदम झाल्या तर साधारण पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

किती दूध लागेल याचा अंदाज बांधता येतो. एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ चोवीस तासांत साधारण ७५० मिलिलिटर पितं. तुम्ही आठ तास बाहेर असाल तर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे २५० मिलिलिटरच्या आसपास. तेवढं ठेवलं की पुरे. फ्रिज भरून साठा करायची गरज नाही, कारण आज कामावर काढलेलं उद्या बाळाला मिळत राहतं. कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी रोज एकदा काढायचा सराव करा. बहुतेकींना सकाळच्या वेळी जास्त दूध येतं.

कायद्याचा आधारही माहीत असू द्या. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीखेरीज, दिवसात दोनदा स्तनपानासाठी वेळ देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, तीच २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. साहेबांशी हे बोलणं रजा संपायच्या आधी करा. एसटी स्थानकं आणि सरकारी कार्यालयं यांतल्या, स्तनपानासाठी असलेल्या हिरकणी कक्षाचा उपयोग करणार असाल, तर एकदा आधी जाऊन बघा: आतून कडी लागते का, बसायला खुर्ची आहे का, प्लग चालू आहे का आणि किल्ली कुणाकडे असते.

प्रकार कोणते आणि कुणासाठी?

रबरी फुग्याचा पंप: जुन्या सायकलच्या भोंग्यासारखा दिसतो, सगळ्यात स्वस्त. घेऊ नका. किती जोर लागतोय ते कळत नाही, त्यामुळे स्तनाग्राला इजा होते. शिवाय दूध फुग्यात शिरतं आणि फुगा आतून धुता येत नाही.

दांड्याचा हातपंप: वीज नको, आवाज नाही, भाग थोडे, जवळजवळ सगळे उकळता येतात. दिवसातून एक-दोनदा काढणाऱ्यांसाठी आणि वीज जाणाऱ्या गावांसाठी उत्तम. जास्त वेळा वापरला तर मनगट दुखतं.

एकेरी विजेचा पंप: एका वेळी एकच बाजू. हातपंपापेक्षा कष्ट कमी, पण वेळ फारसा वाचत नाही. दिवसातून दोनदा काढायचं आणि घाई नाही, अशा आईला चालतो.

दुहेरी विजेचा पंप: बाळ दवाखान्यात असेल, जुळी असतील किंवा पूर्णवेळ नोकरी असेल, तर हाच.

कपड्यांच्या आत घालायचा पंप: सध्या याच्या जाहिराती फार. वायर नाही, काम करता करता वापरता येतो हे खरं. पण स्तनाग्र मधोमध बसलंय का ते दिसत नाही, वाकलं तर दूध सांडतं, धुवायचे भाग जास्त. दूध चांगलं सुरू झालेल्या आईला सोयीचा, दूध वाढवायचं असेल तिने यावर भरवसा ठेवू नये.

सिलिकॉनचं भांडं: एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूने गळणारं दूध यात जमा होतं. स्वस्त आणि सोपं, पण याला पंपाची जागा घेता येत नाही.

दुकानात काय विचाराल?

मापाची तुतारी आहे का? स्तनाग्र ज्या नळीत जातं त्या तुतारीचं माप सगळ्यात महत्त्वाचं. डब्यात बहुतेक वेळा २४ मिलिमीटरची येते, ती सगळ्यांना बसत नाही. स्तनाग्राची रुंदी बुडाशी पट्टीने मोजा, नळी त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठी हवी. लहान-मोठ्या मापाच्या तुताऱ्या किंवा आत बसवायच्या कड्या वेगळ्या मिळतात का, हे घेण्याआधीच विचारा. वापरताना स्तनाग्र कडांना घासत असेल, पांढरं पडत असेल किंवा भोवतीचा काळा भाग बराच आत ओढला जात असेल, तर माप चुकलेलं आहे.

पंप बंद पद्धतीचा आहे का? बंद पद्धतीत दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असतो, त्यामुळे दूध किंवा वाफ नळीतून मोटरीपर्यंत जात नाही. उघड्या पद्धतीत ते जाऊ शकतं. तिथे बुरशी धरली तर ती काढता येत नाही.

दोन टप्पे आहेत का? बाळ आधी भरभर चोखतं, पान्हा फुटला की सावकाश, खोल ओढतं. चांगला पंपही तसंच करतो. डब्यावरचा ‘जास्तीत जास्त ओढ’ हा आकडा बघून भुलू नका. जोर वाढवला म्हणून दूध वाढत नाही, दुखलं की उलट पान्हा आखडतो. न दुखता सहन होईल तेवढ्याच जोरावर ठेवा.

सुटे भाग मिळतात का? पंपाची छोटी रबरी झडप सगळ्यात आधी झिजते. ती सैल पडली की ओढ कमी होते आणि बाईला वाटतं, दूध आटलं. झडप जालन्यात मिळते का, किती दिवसांत येते, हे विचारा. भाग न मिळणारा भारी पंप घेण्यापेक्षा भाग मिळणारा साधा पंप घ्या.

बदलून मिळतो का? डबा फोडल्यावर असा माल बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. पक्कं बिल आणि हमीपत्र घ्या आणि डबा उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवा.

वीज, पाणी आणि ऊन

फक्त प्लगवर चालणारा पंप आपल्याकडे अर्धाच उपयोगाचा. चार्जिंगचा आणि पॉवर बँकवरही चालणारा घ्या, एका चार्जिंगमध्ये किती वेळा वापरता येतो ते वाचा. बॅटरी उतरली की ओढही उतरते, हे लक्षात ठेवा. विजेचा पंप घेतलात तरी हाताने काढणं विसरू नका.

बोअरचं जड पाणी उकळलं की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तोच पंपाच्या भागांवर आणि झडपेवर बसतो. प्यायला आणता त्या जारच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात भाग उकळा.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते २५ अंशांच्या आसपासच्या खोलीसाठी. आपल्या उन्हाळ्यात काढलं की लगेच गार करा. कामावर फ्रिज नसेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेली जाड पिशवी न्या. घरी फ्रिज नसेल तर साठवायचा विचारच सोडा. काढलं की तास-दीड तासात पाजा, नाहीतर बाळाला भेटायची वेळ कामाच्या मध्ये बसवा.

धुणार कोण?

हा प्रश्न घरातल्या पुरुषांसमोर विचारायचा आहे. बाळंतीण दूध काढेल, धुणं-उकळणं दुसऱ्याने करावं. दर वेळी दूध लागलेले सगळे भाग सुटे करा, आधी साध्या पाण्याने खळखळा, मग वेगळ्या ठेवलेल्या पातेल्यात गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन वेगळ्या ब्रशने धुवा. मोरीत टाकू नका. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर रोज एकदा भाग पाच मिनिटं उकळा. कुठले भाग उकळायचे ते माहितीपत्रकात बघा. स्वच्छ फडक्यावर वाऱ्याने वाळू द्या, पदराने पुसू नका. मोटरीची हवेची नळी ओली दिसली तर दूध काढून झाल्यावर पंप दोन-तीन मिनिटं नुसता चालू ठेवा. आत काळे ठिपके दिसले तर नळी टाकून द्या.

एवढं रोज होणार नाही असं वाटत असेल, तर कमी भागांचा हातपंप घ्या. न धुतलेला महागडा पंप बाळाला आजारी पाडतो.

काढलेलं दूध कसं ठेवाल, कसं पाजाल?

झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, एका वेळी लागेल तेवढंच, पन्नास-साठ मिलिलिटर भरा आणि तारीख-वेळ लिहा. फ्रिजच्या दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवा. तिथे ते चार दिवसांपर्यंत टिकतं, पण आपल्याकडे वीज जाते म्हणून एक-दोन दिवसांत संपवलेलं बरं. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. ताजं कोमट दूध गार दुधात थेट ओतू नका, आधी वेगळं गार होऊ द्या. वर साय आल्यासारखा थर दिसेल, तो स्निग्धांश आहे. भांडं हलकेच फिरवलं की मिसळतो.

पाजताना भांडं कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. पंपासोबत बहुधा बाटली आणि निपल येतं. बाटली साठवायला वापरा, पाजायला वाटी-चमचा किंवा आजीच्या पेटीतलं बोंडलं काढा. ते धुवायला सोपं आणि बाळाला निपलची सवय लावत नाही. बाळाला डोकं उंच धरून, सावकाश पाजा. उरलेलं उष्टं दूध दोन तासांनंतर टाकून द्या.

‘वाटीत काढलेल्या दुधात जीव नसतो, लेकराचं पोट बिघडतं’ असं घरातली वडीलधारी म्हणतील. त्यांना मुंबईच्या शीव रुग्णालयाची गोष्ट सांगा. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे १९८९ मध्ये सुरू केलेली मातृदुग्ध पेढी आशियातली पहिली मानली जाते. आयांनी दिलेलं दूध तिथे तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्यांना आईचं दूध मिळत नाही अशा नाजूक बाळांना देतात. परकीचं, काढून ठेवलेलं दूध एवढ्याशा बाळांना मानवतं, तर आपल्याच आईचं आजच काढलेलं का मानवू नये? पण पेढीच्या तपासणीशिवाय दुसऱ्या बाईचं काढलेलं दूध परस्पर देऊ-घेऊ नका. आईच्या दुधाच्या विक्रीला तर परवानगीच नाही, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पैशाचा हिशेब

हातपंप काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत, विजेचा दीड-दोन हजारांपासून दहा हजारांच्या पुढेही जातो. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. ते आईच्या खाण्यापिण्यासाठी आहेत. पंपाची अटीतटीची गरज नसेल तर त्यांना हात लावू नका. जावेचा किंवा बहिणीचा जुना विजेचा पंप मात्र फुकट मिळाला तरी टाळा. वैयक्तिक वापराचे पंप एकीसाठीच बनवलेले असतात, मोटरीत शिरलेलं दूध आणि जंतू भाग बदलूनही जात नाहीत.

बाळंतपणाआधी घाईने पंप आणू नका. कुठला घ्यायचा ते ठरवा, कुठे मिळतो ते बघा, पैसे बाजूला ठेवा. बाळ आल्यावर गरज पडली तर घरातलं कुणीही जालन्याहून त्याच दिवशी आणू शकतं.

डॉक्टरांकडे कधी?

छातीवर लाल, गरम, ठणकणारा भाग आणि सोबत ताप. चोवीस तासांत न विरघळणारी गाठ. स्तनाग्रातून रक्त किंवा पू. पंप लावताना दर वेळी दुखणं. बाळाची लघवी कमी होणं, ते मलूल पडणं किंवा वजन न वाढणं. यांतलं काहीही दिसलं तर ग्रामीण रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. छाती सुजली म्हणून पाजणं थांबवू नका. दूध साचलं की त्रास वाढतो. स्वतःच्या मनाने दूध आटवायची गोळी घेऊ नका. कुठलंही दुसरं औषध चालू असेल तर ‘मी अंगावर पाजते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण बरीच औषधं पाजताना चालतात आणि काही थोडीच बदलावी लागतात.